काडतुसं पारखणारे तांडेल सर

सासरे गेले आणि त्यांच्यामागे एक रायफल आमच्या वाट्याला आली. मुरबाडकडच्या शेतावर रानडुकरांचा त्रास म्हणून त्यांनी कधीतरी परवाना काढला होता. डुकरांनी तिचा आवाज किती वेळा ऐकला असेल कोण जाणे, पण दरवर्षी दसऱ्याला तिला झेंडूचा हार मात्र चुकला नाही. आता ती नियमाप्रमाणे बंदुकीच्या दुकानदाराकडे जमा होती आणि परवाना वारसाच्या नावावर करायचा होता. नवरा लवंगी फटाका उडवतानाही कानात बोटं घालतो. तेव्हा वारस म्हणून मी. मी दातांची डॉक्टर आहे, डोंबिवली पूर्वेला दवाखाना चालवते, आणि लोक मला आधीच घाबरतात, त्यामुळे घरात कुणाला यात काही गैर वाटलं नाही.

रायफल घ्यायची तर काडतुसं कोणती घ्यायची, हे विचारायला मला दुकानदाराने तांडेल सरांकडे पाठवलं. टिटवाळ्याच्या पुढे एक जुनी दगडाची खाण आहे. तिन्ही बाजूंना सरळ कापलेला काळा कातळ, आणि चौथ्या बाजूला पत्र्याची लांब शेड. तिथे आमच्या नेमबाजी क्लबची पन्नास मीटरची रेंज आहे. मी गेले तेव्हा शेडच्या कोपऱ्यात एक सावळे, ठेंगण्या बांध्याचे, पांढऱ्याशुभ्र अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले गृहस्थ प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर काचेचा तुकडा होता आणि त्या काचेवरून ते एकेक काडतूस हलक्या हाताने घरंगळत सोडत होते. सरळ गेलं तर उजव्या वाटीत, वळलं तर डाव्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, काय काम काढलंत. मी सांगितलं. मग त्यांनी काच बाजूला ठेवली आणि तीन प्रश्न विचारले, जे ते प्रत्येकालाच विचारत असत हे मला नंतर कळलं. मारणार कुठं? वर्षाला किती मारणार? आणि संपली की परत मिळतील का?

मी खरं ते सांगितलं. मारणार कुठेच नाही. वर्षाला बहुधा एकही नाही.

"मग तुमाला काडतूस कनाला?" सर म्हणाले. "तुमाला चांगलं कुलूप पायजे."

तिसरा प्रश्न त्यांनी माझ्यावर वायाच घालवला नाही. एवढ्या दणक्याची रायफल शेतावर ठीक आहे, पण इथे तिचा उपयोग फक्त खांदा निळा करून घ्यायला होईल, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. नेम शिकायचा तर पॉइंट टू-टू. करंगळीच्या अर्ध्या पेरासारखं छोटंसं काडतूस, धक्का नाही, फार आवाज नाही, स्पर्धेला तेच चालतं आणि बाजारात निदान मिळण्याची आशा तरी असते. मग त्यांनी मला चटईवर पालथं झोपायला सांगितलं. मी कडक कॉटन साडीत होते. दहा गोळ्यांतल्या दोन कागदाला लागल्या. सासऱ्यांची रायफल मी रीतसर सरकारजमा केली आणि त्यानंतर नऊ वर्षं दर रविवारी मी त्या खाणीत गेले. अर्थात साडीत नाही.

सर मूळचे ठाण्याच्या कोळीवाड्यातले. वडील खाडीत जाळं टाकायचे. सर मात्र शिकले आणि शस्त्रांच्या एका सरकारी कारखान्यात लागले, ते थेट निवृत्तीपर्यंत चाचणी विभागातच राहिले. तिथलं काम असं की रायफल एका जड लोखंडी घोडीत घट्ट आवळायची, काडतूस भरायचं, दोरी ओढायची आणि गोळी कुठे गेली ते बघायचं. पुन्हा भरायचं, पुन्हा बघायचं. तीसेक वर्षं. माणसाचा हात, माणसाचा श्वास, माणसाची घाई यातलं काहीही मध्ये न येता फक्त गोळी काय करते, एवढंच पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे गोळीबद्दल त्यांना जेवढं कळत होतं तेवढंच माणसांच्या सबबींबद्दलही कळत होतं.

त्यांचा एक बटणांचा हिशोब होता. खिशात कायम दोन बटणं असत, एक शर्टाचं, एक कोटाचं. पाच गोळ्या मारल्या की कागद हातात घ्यायचा आणि भोकांवर बटण ठेवायचं. पाचही भोकं शर्टाच्या बटणाखाली झाकली गेली तर तो लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या काडतुसांचा तो गठ्ठा, स्पर्धेसाठी. कोटाच्या बटणाखाली झाकली गेली तर सरावासाठी. त्याच्याही बाहेर गेली तर ते कागद घडी घालून शेडच्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली जायचे. मापाची साधनं क्लबकडे होती, चांगली परदेशी होती, पण सरांचा बटणावर विश्वास. आणि खरं सांगायचं तर बटणाचा निकाल कधी चुकल्याचं मी पाहिलं नाही.

दुपारी डब्यात जवळा किंवा सुकट असे. जेवणाआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कारण शिसं पोटात जाता कामा नये. जेवणानंतर लिंबाची फोड बोटांना चोळायची, कारण माशाचं तेल काडतुसाला लागता कामा नये. या दोन्ही बाबतींत त्यांनी कुणाला सूट दिली नाही. एकदा क्लबच्या अध्यक्षांनी वेफर्स खाऊन काडतुसाला हात लावला तेव्हा सरांनी एक अख्खं लिंबू त्यांच्यापुढे ठेवलं. अध्यक्षांनी निमूटपणे बोटं चोळली.

लोक यायचे ते बहुतेक मोठ्ठं काहीतरी हवं म्हणून. मानपाड्याचे भाऊशेठ तसेच आले. इमारती बांधतात, गळ्यात दोन गोफ, बरोबर दोन माणसं, त्यातला एक फक्त फोन धरायला. परवाना नुकताच मिळालेला. त्यांचा प्रश्न साधा होता, सगळ्यात पॉवरफुल कुठली. सरांनी तीन प्रश्न विचारले.

"मारायची कशाला सर," भाऊशेठ म्हणाले, "नुसती आहे म्हटल्यावर काम होतं ना."

सरांनी मान डोलावली. त्यांना शेडच्या टोकाला दहा मीटरच्या लेनवर नेलं, हातात क्लबची छर्ऱ्याची रायफल दिली आणि समोर बरणीचं झाकण उभं केलं. पहिले अकरा छर्रे झाकणाच्या आजूबाजूच्या लाकडात गेले. फोनवाला माणूस शूटिंग करत होता, सातव्या छर्ऱ्याला भाऊशेठनी त्याला बंद कर म्हणून सांगितलं. गोफ दस्त्यावर आपटून खडखड करत होते, ते त्यांनी स्वतःच काढून त्याच्या खिशात टाकले. बाराव्याला झाकण पडलं. त्या आवाजाने त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दवाखान्यात रूट कॅनॉल संपल्यावर पाहते. ती मोठी रायफल त्यांनी घेतली का, मला माहीत नाही. पण आजही भाऊशेठ महिन्यातून दोन रविवार येतात आणि छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास अर्ध्या केसाने कमी-जास्त असल्यामुळे काय फरक पडतो, यावर नवीन आलेल्यांचं डोकं खातात.

कल्याणच्या एका वकिलांची गोष्ट वेगळी. त्यांनी मुलासाठी परदेशी स्पर्धेची काडतुसं मागवली होती. खोक्यावर पदकांची चित्रं होती. त्यांचं म्हणणं, क्लबमधल्या सगळ्या मुलांनी हीच वापरावी, बाकी सगळा कचरा. सरांनी चार स्टीलच्या वाट्या मांडल्या, चारांत चार लॉटची काडतुसं ओतली, खोकी स्टुलाखाली सरकवली. क्लबची रायफल घोडीत आवळली आणि प्रत्येक वाटीतून पाच-पाच मारली. वकिलांची वाटी तिसरी आली. पहिली आली ती साध्या निळ्या खोक्यातली, जी आम्ही सगळे सरावाला वापरायचो. वकिलांनी हरकत घेतली, वारा, उन्हाचा ताव, घोडीचा स्क्रू. सर म्हणाले, परत मारून बघू. परत मारलं, तोच निकाल. मग सरांनी मुलाची स्वतःची रायफल मागून घेतली, ती आवळली आणि तीच चार वाट्यांची परीक्षा पुन्हा घेतली. यावेळी वकिलांची वाटी पहिली आली, आणि निळं खोकं चौथं. वकिलांच्या वाटीची पाचही भोकं शर्टाच्या बटणाखाली गेली.

मला वाटलं आता सर गप्प होतील. ते तर वकिलांपेक्षा खूश.

"गोली चांगली का वाईट ते खोक्यावर लिवलेलं नसतं," ते म्हणाले. "कंच्या नलीला कंची आवरते ते बगाचं. तुमच्या पोराच्या नलीला ही आवरते. द्या त्याला. बाकीच्यांना नको."

आवरते म्हणजे आवडते; प्रत्येक रायफलच्या नळीची आवड वेगळी. त्या दिवसापासून वकील सरांचे भक्त झाले. मला सरांमधलं हेच आवडायचं. ते ठाम होते, इतके ठाम की कधीकधी चिडायला व्हायचं, पण कागदावर भोक दिसलं की त्यांचा शब्द संपायचा आणि कागदाचा सुरू व्हायचा.

एक खोड मात्र होती. चांगला लॉट सापडला की सर कंजूष व्हायचे. त्याला काही प्रमाणात कारण होतं. काडतुसं बाहेरून येणार, कागदपत्रं होणार, आली तरी तोच लॉट पुन्हा मिळेल याची खात्री नाही. म्हणून चांगला लॉट ते पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचे आणि फक्त स्पर्धेला काढायचे. आमच्याकडे पाहुण्यांच्या कपबशा ठेवतात तसं. मी एकदा म्हटलंही की सर, कपबशा आम्ही निदान धुऊन तरी ठेवतो. त्यांनी ऐकलं नाही.

आता प्राचीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय सरांची गोष्ट पुरी होत नाही.

प्राची दिवा स्टेशनजवळ राहणारी. वडील कळव्याच्या एका कंपनीत फिटर. कॉलेजच्या छात्रसेनेत तिने रायफल पहिल्यांदा हातात घेतली आणि तिथल्या कुणीतरी तिला खाणीचा पत्ता दिला. रविवारी घरचं पाणी भरून ती निघायची, तरी बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी पोचायची. शेडमध्ये शिरताना "जयभीम सर" म्हणायची, सर काचेवरून नजर न काढता "जयभीम पोरी" म्हणायचे आणि दोघंही आपापल्या कामाला लागायचे. तिच्याकडे स्वतःची रायफल नव्हती, क्लबचीच वापरायची. पण चटईवर झोपली की तिचा श्वास इतका हळू व्हायचा की मला डॉक्टर म्हणून काळजी वाटायची.

तीन वर्षांनी तिच्या घरात विषय निघाला. पदवी झाली होती. तुर्भ्याला एका ओळखीच्या ठिकाणी नोकरी होती, रविवारीसुद्धा जावं लागणारी. वडील वाईट नव्हते. त्यांनी एक सरळ अट घातली. या राज्यस्पर्धेत राष्ट्रीयसाठी निवड झाली तर आणखी एक वर्ष नेमबाजी, नाही झाली तर त्या सोमवारपासून तुर्भे. प्राचीने हे आम्हाला फार साधेपणाने सांगितलं, पण त्या दिवशी तिचे मधल्या दहाऐवजी नऊ-नऊ लागत होते, जे एरवी लागत नसत.

सरांनी मग कामाला सुरुवात केली. क्लबची तीच रायफल घोडीत आवळून त्यांनी सात लॉट मारले. त्यातला एक, हिरव्या खोक्यातला, असा निघाला की पाच गोळ्यांचं जवळजवळ एकच भोक. शर्टाचं बटण त्यावर ठेवलं तर सगळीकडून कागद शिल्लक राहिला. सर तो कागद दुपारभर हातात घेऊन फिरले. हिरवी खोकी पाचच होती आणि आणखी मिळणार नव्हती. ती पेटीत गेली, कुलूप लागलं. प्राचीने महिनाभर निळ्या खोक्यानेच सराव केला. हिरव्यातली एकही गोळी तिने मारली नाही, सरांनी मारू दिली नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी बरोबर होते. माझी स्वतःची स्पर्धा दुपारी होती. सरांचा तो शेवटचा उन्हाळा होता, पण हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं; महिन्याभराने ते झोपेतच गेले. त्या सकाळी मात्र ते नेहमीसारखे ताठ. प्राचीला त्यांनी दोन्ही रंगांची खोकी दिली आणि सांगितलं, सुरुवातीच्या चाचपणीच्या गोळ्या निळ्यातल्या मार, त्या मोजत नाहीत. मोजायच्या साठ सुरू झाल्या की हिरवं उघड. एकही हिरवी फुकट घालवू नको. ती हो म्हणाली. आम्ही मागे खुर्च्यांवर बसलो. एकदा स्पर्धा सुरू झाली की मागून कुणी काही बोलायचं नसतं.

चाचपणीत सगळं छान लागलं. मग साठ सुरू झाल्या. पहिली गोळी नऊ, खाली डावीकडे. दुसरी नऊ. तिसरी नऊ. चौथी आठ. पाचवी नऊ. समोरच्या पडद्यावर पाचही ठिपके एकमेकांना चिकटलेले होते, बटणाखाली आरामात मावतील असे. फक्त ते मधोमध नव्हते.

सरांनी माझं मनगट धरलं.

"मी घोळ घातला, डॉक्टरीण," ते अगदी हळू म्हणाले. "साइट लावली निल्यावर, मारतेय हिरव्या. नलीला कसं कलाचं?"

रेंजवर पहिल्या महिन्यात आलेल्या पोरालाही हे माहीत असतं. गोळी बदलली की लागण्याची जागा बदलते, मग साइट, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं साधन, नव्याने लावायला हवी. सरांनी हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की आम्ही त्यांची नक्कल करायचो. आणि चार हिरव्या गोळ्या वाचवायच्या नादात ते स्वतःच विसरले होते. त्यांना उठून ओरडता येत नव्हतं. पडद्यावर गुण जात होते आणि त्यांना फक्त बसून राहायचं होतं. माणूस इतका असहाय मी माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीतसुद्धा पाहिलेला नाही.

प्राचीने सहावी मारली नाही. रायफल खांद्यावरून खाली घेतली, गाल दस्त्यावरून उचलला. मिनिटभर ती पडद्याकडे नुसती बघत राहिली. मग तिने हिरव्या खोक्याचं झाकण बंद केलं आणि ते चटईच्या कडेला, हात पोचणार नाही इतकं लांब सरकवलं. निळं खोकं जवळ ओढलं. महिनाभर जी मारली होती ती गोळी, आणि तिच्यावर आधीच लावलेली साइट. सहावी दहा लागली.

मी सरांकडे पाहायचं धाडस केलं नाही. त्यांचा शब्द मोडलेला मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. निळ्या गोळ्या जरा पसरतात, त्या पसरल्या, पण मध्याभोवती पसरल्या. शेवटच्या दहात दोन नऊ आले तेव्हा सरांनी माझं मनगट पुन्हा धरलं, आणि साठावी होईपर्यंत सोडलं नाही. नंतर दोन दिवस तिथे वळ होता.

निवडीची रेषा तिने दोन गुणांनी ओलांडली.

तिचे वडील अर्धा दिवस रजा टाकून आले होते आणि आत यायला संकोचून फाटकाशी पाण्याची बाटली धरून उभे होते. आम्ही बाहेर आलो. प्राची पुढे, तिच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं. ते पोरीला सोडून आधी सरांच्या पायाशी वाकायला आले. सरांनी त्यांना खांद्याला धरून वर उचललं. शेजारी इतर क्लबचे प्रशिक्षक होते, कल्याणचे वकील होते, चहा घेणारी पाच-पन्नास माणसं होती. सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सर बोलले.

"माज्या पायाशी नको. माजं आयकलं असतं तर ती सोमवारपासून तुर्भ्याला. मी दिलेली गोली तिनं बाजूला ठेवली, म्हनून झालं. चूक माजी, निभावलं तिनं."

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. शरमेचा मागमूस नव्हता. आपली चूक इतक्या आनंदाने, इतक्या खणखणीत आवाजात सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि दुपारी माझी स्वतःची स्पर्धा मी साफ वाया घालवली.

वडील गोंधळले. मुलीने शिक्षकाचं ऐकलं नाही म्हणून शिक्षक खूश, हे त्यांच्या डोक्यात बसेना. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, मग सर, आता राष्ट्रीयला गोळी कोणती वापरायची?

असं विचारलेलं आणि सरांनी उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"मना कनाला विचारता?" सर म्हणाले. "ती उभी हाय ना. तिला विचारा."

आणि ते चहाच्या टपरीकडे चालू लागले. पांढरा शर्ट, आखूड पावलं, हात पाठीमागे बांधलेले. मागे प्राची वडिलांना सांगत होती, आधी दोन्ही लॉट मी स्वतः पडून मारून बघते बाबा, निळा आणि हिरवा, दोन्हींची साइट वेगवेगळी लावून, आणि मगच काय ते ठरवते. ते ऐकून सर चालता चालता थांबले. वळले नाहीत. पाठमोरेच, दोनदा मान डोलावली, आणि पुढे गेले.